साडेतीनची शिट्टी

आमच्या घरातून शिर्डीला चालत जायचा मान आठ वर्षं नवऱ्याचा. यंदा जानेवारीतच त्याच्या गुडघ्याने हात वर केले. पालखी मंडळाच्या यादीत त्याचं नाव खोडायला गेलेले शिट्टीवाले काका जिन्यात मला भेटले आणि म्हणाले, "वहिनी, जागा रिकामी कशाला ठेवायची?" मी हसले. दोन दिवसांनी पाहते तर यादीत माझं नाव.

मी फोर्टात नोकरी करते. करी रोडला गाडी पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, संध्याकाळी तसंच उलट. माझ्यासाठी अंतर म्हणजे मिनिटं. मुलुंड पाऊण तास, कल्याण सव्वा तास, त्यापुढे सगळं 'गावाकडे'. दोनशे चाळीस किलोमीटर म्हणजे नक्की किती, हे मला ऐकून समजत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कोकमाचं तेल घे." कोकणात त्याला मुठेल म्हणतात. भेगांवर याच्यासारखं औषध नाही, हे पुढे पटलं.

पहिला दिवस : लालबाग ते मुलुंड

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा. तळमजल्यावरच्या आजी आठवडाभर त्यावरून कुरकुरत होत्या. पण रामनवमीच्या आदल्या दिवशी शिर्डीत पोचायचं तर हाच दिवस येत होता. काकांनी सांगून टाकलं, "आजी, बाबांच्या वाटेला अमावास्या नसते." आजींना पटलं नाही, पण पालखी उचलली तेव्हा पहिला नारळ त्यांनीच फोडला.

पहाटे सहाला आम्ही एकशे दहा जण निघालो. पुढे निशाण, मग पालखीचा छोटा रथ, मागे दोन टेम्पो आणि पाण्याचा टँकर. मार्च म्हणजे लालबागला मसाल्याचे दिवस. दुकानं बंद होती तरी मिरच्यांचा खकाणा हवेत होताच. त्यामुळे पहिला जयघोष निम्म्या लोकांनी ठसक्यातच केला.

भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल. सायनपर्यंत सगळा घरचाच रस्ता. लोक गाड्या थांबवून पादुकांना हात लावत होते, एका बेस्टच्या ड्रायव्हरने खिडकीतूनच हात जोडले. सायननंतर पूर्व द्रुतगती मार्ग लागला आणि माझी मुंबई बदलली. या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण कांजूर-भांडुपची मिठागरं इतकी लांबलचक आहेत हे कधी कळलंच नव्हतं. मोटारीतून ती दोन मिनिटांत संपतात. आमच्या बाजूने ती तासभर चालली, वर कांजूरच्या डंपिंगचा वास. सेवेकऱ्यांनी रस्त्याच्या कडेने दोर धरलेला. दोराच्या बाहेर पाय गेला की शिट्टी. काकांच्या गळ्यातली ती शिट्टी पुढे दहा दिवस आमची आई-बाप होती.

पालखीत सगळे एकमेकांना 'साईराम'च म्हणतात. "साईराम, पाणी घ्या", "साईराम, जरा सरका", आणि रात्री हॉलमध्ये कोणी फार घोरायला लागलं तरी "ओ साईराम!" पहिल्या दिवशी मला ते नाटकी वाटलं. एकशे दहा नावं लक्षात ठेवण्यापेक्षा बरं, हे दुसऱ्या दिवशी समजलं.

पाऊण तासाचं मुलुंड यायला विसावे धरून साडेदहा तास लागले.

दुसरा दिवस : पाडवा

साडेतीनला शिट्टी. अंधारात टँकरच्या नळाखाली बायकांसाठी साड्यांचा आडोसा बांधलेला, त्यात बादलीभर गार पाण्याची आंघोळ. चहा, काकड आरती आणि साडेचारला चाल सुरू. उन्हाच्या आधी जितकं कापता येईल तितकं कापायचं, हे इथलं गणित.

पण आज पाडवा होता. टेम्पोच्या डाल्याला वेळूची काठी बांधून एका काकूंनी स्वतःची नवी पैठणी नेसवून गुढी उभारली. वर तांब्या, साखरेची गाठी, कडुनिंबाचा डहाळा. गूळ आणि कडुनिंब हातावर आलं. ठाण्यात तीन हात नाका ओलांडताना उजाडत होतं. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या मुली स्वागतयात्रेसाठी बुलेट पुसत उभ्या होत्या. त्यांनी आमची पालखी पाहिली, आम्ही त्यांचे फेटे. एकीने पुढे येऊन माझ्या रेडियमच्या जॅकेटवर गुलाबाचं फूल खोचलं. चाळीतली गुढी आज नवऱ्याने एकट्याने उभारली असेल, हे तेव्हा आठवलं आणि उगाच घशात काहीतरी आलं. फोन केला. गुढी तिरकी झाली होती म्हणे.

माजिवड्यानंतर मात्र सणाचा मागमूस राहिला नाही. साकेतचा पूल, मग माणकोली, रांजनोली. भिवंडीची गोदामं, कंटेनरच्या रांगा, रुंदीकरणाची धूळ. मोबाइलवर मागवलेली आपली प्रत्येक वस्तू बहुधा इथूनच निघत असावी. वडप्याजवळ एका मुलाने बोट करून दाखवलं : आमण्याला जायचा रस्ता, तिथून समृद्धी महामार्ग. "तिथून गेलो तर लवकर पोचू का हो?" काका म्हणाले, "त्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे. टू-व्हीलरलाही."

पडघ्याच्या अलीकडे मुक्काम. डाव्या टाचेला पहिला फोड. एका मावशींनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी त्या दोऱ्यावाटे निघून जातं आणि कातडं शाबूत राहतं. हे डॉक्टरांना पसंत पडणार नाही, पण मावशी चौदाव्यांदा चालत होत्या आणि त्यांच्या टाचा माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

तिसरा दिवस : शहापूर

या दिवसाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

वाशिंद, आसनगाव करत शहापूर. उन्हाचा तडाखा अकरापासूनच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सगळ्यांत मोठा वाटा भातसाचा, आणि भातसा याच शहापूर तालुक्यात. तानसाही इथलंच. लालबागच्या आमच्या मोरीत पहाटे येणारं पाणी या डोंगरांतून येतं, हे शाळेत शिकले होते. मार्च-एप्रिल आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात, हे पेपरात वाचलं होतं. या दोन गोष्टी एकत्र कधी डोक्यात आल्या नव्हत्या.

दुपारी एका आंब्याखाली पंगत बसली होती. मागे आमचा टँकर उभा. दहा-बारा वर्षांची एक मुलगी हंडा घेऊन आली आणि टँकरपाशी नुसती उभी राहिली. काही मागितलं नाही. टँकरवाल्या दादाने नळ सोडून हंडा भरून दिला. ती गेली आणि दहा मिनिटांत मागून तीस-पस्तीस बायका हंडे-कळश्या घेऊन आल्या. दादा काकांकडे पाहायला लागला. काकांनी शिट्टी तोंडात घेतली, पुन्हा काढली आणि म्हणाले, "सोड."

टँकर रिकामा झाला. मंडळातल्या दोघा-तिघांचा आवाज चढला : संध्याकाळची आंघोळ, सकाळचं पाणी, आचाऱ्याने काय करायचं? तेही खोटं नव्हतं, एकशे दहा माणसांचा स्वयंपाक कोरडा होत नाही. शेवटी शहापुरातून विकतचं पाणी भरलं आणि त्यासाठी प्रत्येकी पन्नास रुपये काढले. त्या रात्री कोणी आंघोळ केली नाही. घामट कपड्यांत एकशे दहा माणसं एका शाळेच्या व्हरांड्यात झोपली. वास कसा होता, ते सांगत नाही.

चौथा दिवस : कसारा

आटगाव, खर्डी. चालायचं आणि चालायचं. दुसऱ्या पायालाही फोड आला, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी मात्र परीक्षा होती. कसारा म्हणजे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. दोन मुलींना गोळ्या आणायच्या होत्या म्हणून त्यांच्याबरोबर स्टेशनाकडे गेले, तर फलाटावर लोकल उभी. पाटीवर सीएसएमटी. खिडकीपाशी जागा रिकामी! मुंबईच्या बाईला रिकामी खिडकी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. चार दिवस आपण जे चाललो, ते ही गाडी अडीच-पावणेतीन तासांत पुसून टाकेल. करी रोडला ही थांबत नाही, दादरला बदलावी लागेल, एवढा हिशोबसुद्धा मनात झाला.

आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा त्या गाडीत बसलाच. ताप होता, त्याला थांबवणं चुकीचं ठरलं असतं. दारात उभा राहून तो इतका रडला की समोरच्या बाकावरच्या बाईने त्याला बिस्किटाचा पुडा दिला.

पाचवा दिवस : घाट

जुन्या कसारा घाटाने पहाटे चारला चढायला लागलो. अंधारात पुढच्या माणसाच्या पाठीवरची रेडियमची पट्टी तेवढी दिसते. ट्रक घरघरत जवळून जातात आणि त्यांच्या दिव्यात क्षणभर कडा दिसतो. दरीच्या बाजूला कुठेतरी रेल्वे. या घाटात रेल्वेची चढण सदतिसास एक, म्हणजे सदतीस फुटांमागे एक फूट, अशी आहे, म्हणून गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. ही माहिती आम्हाला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका अण्णांनी दिली. वय अडुसष्ट. ती देता देताच त्यांना धाप लागली. मग दोन पोरांनी त्यांच्या पाठीला तळवे लावले आणि ढकलत वर नेलं. "अण्णा, बँकर लागले, आता सुटा!" अण्णा हसत होते आणि डोळे पुसत होते. घाम असेल.

वर घाटनदेवी. घाटाची राखण करणारी देवी, येणारे-जाणारे सगळे थांबतात. आम्ही ओटी भरली आणि पायरीवर पाय सोडून बसलो. गार वारा होता. चढून आलो ती दरी खाली धुक्यात. कोणी काही बोलेना. मग कोणीतरी भेळेची पिशवी फोडली आणि एकदम सगळे बोलायला लागले. आनंद साजरा करायचा तर शिर्डीपेक्षा आमचा खरा इथेच झाला असं मला वाटतं. बेंजोवाल्यांनी ठेका धरला, मावशींनी मला ओढलं आणि टाचेत दोरे लोंबत असताना मी फुगडी घातली. शेवटची कधी घातली होती आठवत नाही, बहुधा माहेरी मंगळागौरीला.

इगतपुरी पार करून घोटीला मुक्काम. कळसूबाईचं टोक संध्याकाळी काळंनिळं दिसलं.

सहावा आणि सातवा दिवस : घोटी-सिन्नर

हा रस्ता पालख्यांचा. महामार्ग सुटतो, ट्रक कमी होतात आणि दोन्ही बाजूंनी शेतं लागतात. मुंबईच्या किती पालख्या! सांताक्रूझ, भांडुप, डोंबिवली. प्रत्येकीचं निशाण वेगळं, टी-शर्टचा रंग वेगळा. दर थोड्या अंतरावर कोणीतरी मांडव घालून उभं : ताक, सरबत, कलिंगडाच्या फोडी. पांढुर्लीच्या अलीकडे एक शेतकरी दादा गरम पाण्याची घमेली मांडून बसले होते. मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि पुढे जायचं. त्यांनी कोणाला नाव-गाव विचारलं नाही.

एक तक्रार मात्र नोंदवते. एका मोठ्या पालखीबरोबर डीजे होता. रात्री साडेदहापर्यंत छाती हादरवणारा आवाज, आणि सकाळी ते गेले तेव्हा रस्त्याकडेला कागदी पेल्यांचा सडा. काकांनी आमच्यातल्या वीस जणांना पोती देऊन पेले गोळा करायला लावले. आम्हीही फार सोवळे नव्हतो, त्यांतले बरेच आमचेही असणार.

सिन्नरला दुपारच्या विसाव्यात झोपायचं सोडून आम्ही सहा जणी रिक्षा करून गोंदेश्वराला गेलो. रिक्षा केली म्हणून नंतर बोलणी खाल्ली. पण यादवकाळातलं पंचायतन, मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं, काळा दगड उन्हात तापलेला आणि आत गारवा. मी त्या गारव्यात वीस मिनिटं आडवी झाले. देवाने माफ केलं असावं. काकांनी अजून केलेलं नाही.

आठवा दिवस

मुसळगाव, पांगरी, वावी, पाथरे. सिन्नरच्या पूर्वेला सावली संपते. या दिवसाचं मला फक्त डांबर आठवतं.

नववा दिवस : शिर्डी

शेवटच्या दिवशी कोणाला शिट्टी लागली नाही. तीनलाच सगळे उठून केस विंचरत होते. सावळीविहीरला नगर-मनमाड रस्त्याला लागलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तिथून शिर्डी पाचेक किलोमीटर. आठ दिवस लंगडणारी माणसं अचानक सरळ चालायला लागली. पुरुषांनी पिशवीतून पांढरे कुडते काढले, बायकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्यासाठी मावशींच्या पिशवीत दोन जादा होत्या.

कळस दिसला तेव्हा मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. बेंजोवाले थांबले, टाळ थांबले. अण्णा रस्त्यावरच खाली बसले. मग काकांनी शिट्टी मारली, "सच्चिदानंद सद्गुरू साईनाथ महाराज की..." आणि पुढचा 'जय' कोणाच्या घशातून नीट निघालाच नाही. त्यानंतर मात्र जे सुरू झालं ते दोन तास चाललं. नाच, फुगड्या, गुलाल. मागच्या-पुढच्या पालख्या एकमेकींत मिसळल्या. भांडुपच्या बायका आमच्यात, आमचे पोरगे सांताक्रूझच्या ढोलावर.

दर्शनाच्या रांगेत सहा तास गेले. समाधीपुढे किती वेळ मिळाला? "चला, चला, पुढे चला." पादुका लावल्या, परत दिल्या. मी मान वर करून मूर्ती पाहिली आणि मनात जे मागायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. फक्त "आले" एवढंच म्हटलं.

बाहेर आल्यावर पालखीची एक रीत आहे, ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. सगळे गोल उभे राहतात आणि प्रत्येकजण प्रत्येकाच्या पाया पडतो. वय, मान, बाई-पुरुष काही नाही. अडुसष्ट वर्षांचे अण्णा माझ्यासमोर वाकले. मी मागे सरले तर म्हणाले, "वहिनी, उभ्या राहा. नियम आहे." त्यांचा हात माझ्या टाचेतल्या दोऱ्याला लागला.

रामनवमी

दुपारी रामजन्माचं कीर्तन, पाळणा, सुंठवडा. त्या रात्री मंदिर रात्रभर उघडं असतं. हा उत्सव मुळात 1897 मध्ये उरूस म्हणून सुरू झाला. पुढे संदलची, म्हणजे चंदनाची, मिरवणूकही त्याच दिवशी निघू लागली. ती सुरू करणारे अमीर शक्कर दलाल मूळ कोऱ्हाळ्याचे, पण व्यवसायाने वांद्र्यात असत. म्हणजे मुंबईकर! अण्णांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, जणू सामना जिंकला. मी मध्यरात्री द्वारकामाईत धुनीपाशी गेले. गर्दी होती, पण कोणी "चला" म्हणत नव्हतं. उदीची पुडी घेतली, एक नवऱ्याच्या गुडघ्यासाठी.

परत

दुसऱ्या दिवशी बसने निघालो. समृद्धीवरूनच. एसी, पडदे ओढलेले, पुढे कोणीतरी सिनेमा लावलेला. मी पडदा सरकवून बसले होते. घोटी कुठे गेलं कळलं नाही. मग बस बोगद्यात शिरली. आठ किलोमीटर लांबीचा बोगदा, पिवळे दिवे, आणि काही मिनिटांत पलीकडे. मी अण्णांना विचारलं, "घाट?" ते म्हणाले, "झाला." घाटनदेवी, दरी, फुगडी, बँकर, सगळं आमच्या डोक्यावरून निघून गेलं होतं.

शहापूरही लांबूनच गेलं. आंब्याचं झाड शोधायचा प्रयत्न केला. अशी झाडं पुष्कळ.

संध्याकाळी लालबागला उतरलो तेव्हा मसाला कुटायचे डंके चालू होते आणि मसाल्याच्या वासाने पुन्हा सगळे ठसकले. चाळीच्या दारात आजींनी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नवरा गॅलरीत कठड्याला धरून उभा होता. खाली यायला त्याला वेळ लागला. आल्यावर त्याने आधी माझ्या टाचा पाहिल्या आणि म्हणाला, "तेल संपवलंस की नाही?" गुरुवारी भंडारा ठरला, दोनशे पानांचा.

रात्री गादीवर आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा अंधार होता. शिट्टी वाजली नव्हती. घड्याळात साडेतीन.

नवऱ्याला न उठवता गॅलरीत आले. समोरच्या मजल्यावर दिवा लागलेला, मावशी केस विंचरत उभ्या. खालच्या मजल्यावर अण्णा बनियनवर. तळमजल्याच्या ओट्यावर काका बसलेले, गळ्यात शिट्टी तशीच. कोणी कोणाला हाक मारली नाही. मी चपला घातल्या आणि खाली उतरले.

"चहावाला सहाला उघडतो," काका म्हणाले.

"मग परळपर्यंत जाऊन येऊ."

दादर टीटीला पोचलो तेव्हा उजाडत होतं.